न्याहारीतलं डाळीचं माप

ताई, नमस्कार.
मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारा निवृत्त शिक्षक. वय ६६, वजन ६० किलो. ३२ वर्षं गणित शिकवलं. गेल्या पौषात आमची मंडळी गेली. मुलगा पुण्याला, मुलगी नांदेडला. दोघंही बोलावतात, पण माझं मन गावातच लागतं. स्वयंपाकातलं मला चहा, खिचडी आणि कसंबसं पिठलं येतं. दुपारी शेजारच्या वहिनींकडून डबा येतो, रात्रीच्या भाकरीही त्याच करून देतात. पंचाईत आहे ती सकाळची. चहा आणि चार टोस्ट, नाहीतर स्टँडवरचे पोहे. अकरा वाजले की हातपाय गळाल्यासारखे होतात आणि जमिनीवरून उठताना भिंत धरावी लागते. डॉक्टर म्हणाले, किडनी, साखर सगळं ठीक आहे, पण अंगावरचं मांस कमी झालंय, प्रोटीन वाढवा आणि सुरुवात सकाळपासून करा. मुलानं पावडरचा डबा पाठवला. चॉकलेटच्या वासाचं ते गोड दूध सकाळी घशाखाली उतरत नाही. मला गरम आणि तिखट-मिठाचंच लागतं. माळकरी आहे, अंडं चालत नाही. चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो. दोन दाढा काढलेल्या आहेत. गॅसपाशी वीस मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. आणि खरं सांगतो, एकट्यासाठी कढई चढवायची म्हटलं की हात उचलत नाही. घरातले डाळींचे डबे तिनं भरून ठेवले तसेच आहेत, उघडवत नाहीत. काय करावं?
एक वाचक, परभणी जिल्हा

गुरुजी, सादर नमस्कार.

"कसंबसं पिठलं येतं" असं तुम्ही लिहिलंत आणि माझा जीव भांड्यात पडला. ज्याला पिठलं येतं त्याची न्याहारी अडत नाही. तुम्हाला फार नवं काही शिकायचं नाही. जे येतं, जे आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं जातं, त्यातलं डाळीचं माप तेवढं वाढवायचं आहे.

तुम्ही गणिताचे शिक्षक, म्हणून आधी हिशोब मांडते. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली जी मापं ठरवून दिली, त्यात निरोगी मोठ्या माणसाला दर किलो वजनामागं दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलं आहे. तुमच्या ६० किलोला ते ५० ग्रॅम होतं. साठी उलटल्यावर बरेच तज्ज्ञ याहून थोडं जास्त, किलोमागं १ ते १.२ ग्रॅम घ्यायला सांगतात. कारण वय वाढलं की तेवढ्याच घासातून स्नायू पूर्वीइतकं उचलत नाहीत. म्हणजे तुमचं रोजचं गणित ६० ते ७२ ग्रॅमचं. तीन वेळांत वाटलं तर न्याहारीच्या वाट्याला निदान २० ग्रॅम यायला हवं.

आता सध्या काय येतंय ते पाहा. चहातलं दूध आणि चार टोस्ट मिळून फार तर पाच-सहा ग्रॅम. स्टँडवरच्या बशीभर पोह्यात, वर पेरलेले चार शेंगदाणे धरूनही, सहा-सात ग्रॅम. कोरड्या पोह्यांत मुळात शंभर ग्रॅमला सहा-सात ग्रॅमच असतं आणि बशीत शंभर ग्रॅम पोहे नसतातच. अकरा वाजता हातपाय गळतात त्यात नवल काही नाही.

दुसरी एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण आपल्याकडं सगळेच धरून चालतात. "मी रोज वरण खातो, म्हणजे प्रोटीन होतंच." वहिनींच्या डब्यातलं वरण नक्कीच चवीचं असेल, पण पातळ वरणाच्या एका वाटीत कोरडी डाळ असते पंधरा-वीस ग्रॅम. बाकी पाणी. त्यातून मिळतं साडेतीन-साडेचार ग्रॅम. तूर, मूग, उडीद, मटकी, हुलगे यांच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण २२ ते २४ ग्रॅम प्रोटीन असतं हे खरंच आहे, पण तो आकडा कोरड्या डाळीचा आहे. ताटात डाळ आहे की नाही एवढं बघून भागत नाही. त्या वाटीत कोरडी डाळ किती गेली, ते बघायचं.

म्हणून पहिलं काम असं करा. किराणा दुकानात जाल तेव्हा दुकानदाराला ५० ग्रॅम डाळ काट्यावर तोलून द्यायला सांगा. घरी येऊन ती आपल्या आमटीच्या वाटीत ओता आणि कुठवर येते ते डोळ्यांत साठवून ठेवा. मधल्या आकाराची वाटी असेल तर जवळजवळ अर्धी भरेल. बेसन हलकं असतं, त्याच अर्ध्या वाटीत ते ४५ ग्रॅमच्या आसपास बसतं. एकदा हे डोळ्याला कळलं की रोज मोजायची गरज नाही. तुमच्या न्याहारीत रोज अशी अर्धी वाटी कोरडी डाळ किंवा डाळीचं पीठ गेलं पाहिजे. त्यातून दहा-बारा ग्रॅम येतात. उरलेले आठ-दहा ग्रॅम भाकरी, दही आणि शेंगदाण्याच्या चटणीतून सहज निघतात.

पिठल्यापासूनच सुरू करा. एका वाडग्यात अर्धी वाटी बेसन घ्या, त्यात वाटीभर पातळ ताक ओतून कालवा, गुठळी राहिली तर बोटानं मोडा. कढईत दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेली मिरची, हळद. कांदा चालतो त्या दिवसांत अर्धा कांदा चिरून परता. चातुर्मासात आल्याचा तुकडा किसून घाला आणि हिंग जरा सढळ हातानं, चव कुठंही कमी पडत नाही. मग वाटीभर पाणी, मीठ, आणि खळखळून उकळी आली की कालवलेलं पीठ एका हातानं धार धरून सोडायचं, दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं. इथं घाई करू नका. बेसन कच्चं राहिलं की पोटात वारा धरतो आणि मग माणूस डाळीलाच दोष देतो. पिठाचा कच्चा वास जाऊन पिठलं कडेनं सुटायला लागलं की झालं. तोवर दुसऱ्या शेगडीवर रात्रीची भाकरी शेकून घ्या. वहिनींना रात्री एक भाकरी जास्त टाकायला सांगा, त्यांना जड होणार नाही. दाढा नाहीत म्हणता, तर भाकरी पिठल्यातच कुस्करा.

या ताटाचा हिशोब: पिठलं नऊ-दहा, भाकरी सहा, वाटीभर दही पाच. वीस झाले. वेळ पंधरा मिनिटं.

पिठलं आणि भाकरी एकत्रच का, तर ज्वारीत लायसिन नावाचा घटक कमी पडतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन कमी, ते ज्वारी पुरवते. दोन्ही एका दिवसात पोटात गेली की शरीराला लागणारा संच पुरा होतो. आपल्या आज्यांनी ही नावं कधी ऐकली नव्हती, पण ताट बरोबर वाढलं होतं. आणि ज्वारीसाठी तर तुम्हाला लांब जायलाच नको. तुमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या पीक-संशोधन संस्थेबरोबर काढलेला "परभणी शक्ती" हा वाण २०१८ साली आला. त्यात नेहमीच्या ज्वारीपेक्षा लोह आणि जस्त जास्त आहे. ओळखीच्या कुणाच्या शेतात असेल तर त्याची पायली-दोन पायली मागून घ्या.

रोज पिठलं खाऊन कंटाळा येईल, हे मला ठाऊक आहे. म्हणून आता जे सांगते ते जरा मन लावून वाचा. एकट्या माणसाच्या सकाळचा सगळा प्रश्न हे एक पीठ सोडवतं.

अर्धा किलो हरभऱ्याची डाळ, पाव किलो मुगाची डाळ, पाव किलो उडदाची डाळ. कढईत प्रत्येक डाळ वेगळी, नुसती गरम होऊन वास सुटेपर्यंत भाजा, लाल करू नका. दोन चमचे जिरं, एक चमचा ओवा. गार झालं की गिरणीतून जरा बारीक दळून आणा. गिरणीवाल्याला आधीचं ज्वारीचं दळण झाल्यावर लावायला सांगा, मिरचीच्या किंवा मसाल्याच्या दळणानंतर नको. हे पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर चांगलं राहतं. पावसाळ्यात मात्र अर्धंच दळा, दमट हवेत पिठाला जाळी धरते.

सकाळी देवळातून आलात की अर्धी वाटी पीठ एका भांड्यात घ्या, चिमूटभर हळद, तिखट, मीठ, मूठभर चिरलेली कोथिंबीर किंवा मेथी, आणि भज्यांच्या पिठाहून पातळ होईल इतकं पाणी. पाच मिनिटं तसंच राहू द्या. तव्यावर तेलाचं बोट फिरवून धिरडं घाला, झाकण ठेवा, कडा सुटल्या की उलटा. दोन धिरडी होतात. मिक्सर नाही, भिजवणं नाही, वीज गेली तरी अडत नाही. सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी. डाळीच्या पिठाचे दहा-अकरा ग्रॅम, दह्याचे पाच, दोन चमचे चटणीचे चार. पुन्हा वीस. पहिली दोन-चार धिरडी फाटतील. फाटली तर तव्यावरच उलथन्यानं त्यांचे तुकडे करून परतून घ्या, तोही एक पदार्थच होतो आणि दाढा नसलेल्याला तर तो जास्तच सोयीचा.

याच पिठात एखाद्या रविवारी तेवढंच ज्वारीचं पीठ मिसळून, तीळ घालून धपाटे थापता येतील. ओल्या फडक्यावर थापायचे आणि फडक्यासकट उचलून तव्यावर पालथे घालायचे. धपाट्याला सवय लागते, आधी धिरड्यावर हात बसू द्या. मग चार धपाटे एकदम केले की दुसऱ्या दिवसाची न्याहारी फक्त शेकून घेण्यापुरती उरते.

आता सुशीला. पोह्यांची आठवण येते म्हणून स्टँडवर जाता ना, त्या दिवशी घरी सुशीला करा. आपल्याकडं ती लहानपणापासून खाल्लेली असते, तरी बहुतेक घरांत तिच्यातलं डाळवं चमचाभरच पडतं. तुम्ही उलटं करा. दोन ओंजळी चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून घ्या. दाढांचा विचार करता ते जरा मऊ होऊ द्या. डाळवं, म्हणजे काही जण पंढरपुरी डाळ म्हणतात ते, चार मोठे चमचे घेऊन मिक्सरमध्ये किंवा खलबत्त्यात भरड करा. फोडणीत मोहरी, जिरं, मिरची, कढीपत्ता, हळद, मग मूठभर शेंगदाणे. तेही चावत नसतील तर कूट. चुरमुरे घाला, मीठ आणि किंचित साखर, डाळव्याची भरड पेरा, झाकण ठेवून दोन वाफा. वरून लिंबू. डाळव्यातून सहा-सात, शेंगदाण्यांतून सहा, चुरमुऱ्यांतून तीन. त्यात मोड आलेली वाफवलेली मटकी अर्धी वाटी मिसळली की वीसच्या घरात जातं. दहा मिनिटांत होणारा हा पदार्थ, पण डाळव्याच्या बाबतीत हात आखडला तर तो पोह्यांसारखाच रिकामा होतो.

मटकीचं म्हणाल तर बुधवारी आणि रविवारी सकाळी वाटीभर मटकी किंवा मूग भिजत घाला, रात्री फडक्यात बांधा. दुसऱ्या दिवशी मोड येतात. कुकरला एक शिट्टी काढून डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवस पुरतात. नुसत्या फोडणीला टाकून काळं तिखट भुरभुरवलं तरी गरम उसळ होते. उन्हाळ्यात मात्र शिजवलेलं कडधान्य ओट्यावर विसरू नका. आपल्या उन्हात ते दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही.

आता एका गोष्टीची मला मनापासून खंत वाटते ती बोलते. आपल्या मराठवाड्यात नजर जाईल तिथवर सोयाबीन उभं असतं. लातूरच्या बाजारात त्याचे ढीग लागतात, तेल निघतं, पेंड कोंबड्यांच्या खाद्याला जाते, आणि पिकवणाऱ्याच्या घरात न्याहारीला टोस्ट. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं. तेल काढलेल्या पिठापासून केलेल्या सोया वड्यांत तर ५० ग्रॅमच्याही वर. पंचवीस ग्रॅम वड्या, म्हणजे एक मूठ, यातून बारा-तेरा ग्रॅम मिळतात. वड्या उकळत्या मीठ-पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गार पाण्यातून काढून दोनदा घट्ट पिळा. लोकांना जो उग्र वास नको असतो तो या पिळण्यात जातो. मग हातानं किंवा मिक्सरमध्ये एकदा फिरवून चुरा करा. टोमॅटो, मिरची, आलं, काळं तिखट घालून भुर्जीसारखं परता. अर्ध्या भाकरीबरोबर खा. आठवड्यातून दोन-तीनदा हे पुरे. घरचं सोयाबीन दळणात घालायचं मनात आलं तर कच्चं घालू नका. त्यात पचनाला अडवणारे घटक असतात, ते चांगलं उकळल्यावर जातात. उकळून, वाळवून, मग भाजून दळायचं. एवढा खटाटोप तुम्ही आत्ता करावा असं मला वाटत नाही. वड्या बऱ्या.

दूध तुमच्याकडं येतंच. ज्या दिवशी काहीच सुचत नाही त्या दिवशी अर्धा लिटर दूध उकळायला ठेवा, उकळी आली की अर्धं लिंबू पिळा, फाटलं की फडक्यातून गाळा. अर्ध्या लिटर दुधातल्या १६ ग्रॅम प्रोटीनपैकी बहुतेक फडक्यात राहतं. हेच गरम गरम चोथ्यासारखं पनीर जिरं-मिरचीच्या फोडणीत हळद-मीठ घालून दोन मिनिटं परता. गाळलेलं पाणी टाकू नका, पिठल्याला वापरा.

थंडीत हुलग्याच्या भाजलेल्या पिठाचं तिखट माडगं करा. दोन-तीन चमचे पीठ पाण्यात कालवून उकळायचं, जिरं, आलं आणि मीठ. त्यातून चार-पाच ग्रॅमच मिळतात, म्हणून ते न्याहारीच्या आधी प्यायचं, न्याहारीच्या जागी नाही. आणि मार्गशीर्षात वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडं कुणी बोलावलं तर अवश्य जा. ओले दाणे, हरभरा, तूर, वाटाणा घालून केलेली ती भज्जी दाढा नसलेल्या माणसासाठी देवानं धाडलेली आहे. तिचं छोटं रूप हिवाळाभर घरी करता येतं: मूठभर ओले दाणे आणि मेथी शिजवायची, ताकात कालवलेलं बेसन लावायचं. पिठलं येतं म्हणजे भज्जीही आलीच.

माळकरी आहात, म्हणजे एकादशीचं विचारायला तुम्ही संकोचलात की काय, असं मला वाटलं. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच. खिचडीत जे काही असतं ते शेंगदाण्याच्या कुटाचं. म्हणून एकादशीला भगर करा आणि तिच्याबरोबर दाट शेंगदाण्याची आमटी. पाव वाटीहून जास्त, साधारण ४० ग्रॅम दाणे भाजून, सोलून, जिरं-मिरचीबरोबर पाणी घालून गंधासारखे वाटा आणि उकळा. दाण्यांत शंभरला २५ ग्रॅम प्रोटीन असतं, तेव्हा आमटीतून दहा ग्रॅम आले. वर वाटीभर दही. फोडणीला तेल-तूप अगदी थोडं घाला, दाण्यांत तेल पुष्कळ असतं. राजगिऱ्याचं पीठ मिळालं तर उकडलेल्या बटाट्यात मळून थालीपीठ लावा. महिन्यातून दोन दिवसांचाच प्रश्न आहे, पण ते दोन्ही दिवस तुम्ही साबुदाण्यावर काढत असाल आणि दुसऱ्या दिवशी जास्त थकवा येत असेल, असा माझा अंदाज आहे.

मुलानं पाठवलेला डबा फेकू नका. सकाळी उतरत नसेल तर संध्याकाळी अर्धा चमचा दुधात घेऊन बघा. तेही नको वाटलं तर त्याला फोनवर स्वच्छ सांगा की हा नको, त्याऐवजी एक लहान लोखंडी कढई आणि एक वीतभर तवा पाठव. मी हे खरोखर सांगते आहे. पाच माणसांच्या कढईत अर्धी वाटी बेसन टाकलं की ते तळाला करपतं, तेल जास्त लागतं, आणि एवढ्या मोठ्या कढईत एवढंसं पिठलं बघून माणसाचं मन आणखी खट्टू होतं. भांडं लहान झालं की पदार्थ पुरेसा दिसतो, गॅस कमी लागतो, घासायला कमी पडतं. माझ्या वडिलांना आई गेल्यावर दीड वर्ष आम्ही "नीट जेवा" एवढंच फोनवर सांगत राहिलो. लहान भांडी घेऊन दिली त्या आठवड्यापासून ते स्वतःचं धिरडं करायला लागले. आधी का सुचलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

एकट्यासाठी हात उचलत नाही, त्यावर माझ्याकडं एवढंच आहे. रात्री झोपण्याआधी ओट्यावर तीन गोष्टी काढून ठेवा: लहान कढई किंवा तवा, पिठाची मोजलेली अर्धी वाटी वर ताटली झाकून, आणि मिरची-कोथिंबीर. सकाळी ठरवायचं काही उरत नाही. आणि खाताना ताट घेऊन बसा, ओट्यापाशी उभ्यानं नको.

थोडं पोटाबद्दल. टोस्टवरून एकदम डाळीवर आलात तर पहिला आठवडा पोट फुगल्यासारखं होईल. म्हणून पहिले पाच-सहा दिवस पाव वाटी पिठापासून सुरू करा, हिंग-ओवा सोडू नका, भिजवलेल्या कडधान्याचं पाणी ओतून द्या, आणि दिवसभरात पाणी नेहमीपेक्षा दोन तांबे जास्त प्या. चहा न्याहारीच्या आधी अर्धा-पाऊण तास घ्या. जेवणाबरोबर घेतलेला चहा डाळी-भाजीतलं लोह अंगी लागू देत नाही.

आणि मांड्यांचं मांस नुसतं खाऊन भरत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर मी सांगते. हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. खुर्ची भिंतीला लावून ठेवा म्हणजे सरकणार नाही. सुरुवातीला पाचच जमले तरी चालेल.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन ओळी. अंडं चालत असेल तर एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन असतं. दोन अंडी आणि तीन चमचे बेसन एकत्र फेटून केलेली पोळी सहा मिनिटांत होते आणि भाकरीबरोबर वीसच्या वर जाते. मात्र किडनीचा त्रास असलेल्या कुणीही हे वाचून आपल्या मनानं डाळ वाढवू नये. गुरुजींचे रिपोर्ट ठीक आहेत आणि त्यांच्या डॉक्टरांनीच वाढवायला सांगितलंय, म्हणून मी हे लिहू शकले.

आता ते डबे, गुरुजी. पौषापासून बंद आहेत म्हणता, म्हणजे कडधान्याला भुंगा लागायला वेळ लागणार नाही. एखाद्या कोरड्या दिवशी, मुलगी नांदेडहून आली असेल तेव्हा तिला सोबत घेऊन, एकेक डबा परातीत ओता. उन्हात पसरा, चाळा. मूठभर मटकी, हरभरे पाण्यात टाकून पाहा, जे वर तरंगतात ते पोखरलेले, ते काढून टाका. फार पोखरलं असेल तर सगळंच टाका, जीव अडकवू नका. बेसनाला किंवा दाण्याच्या कुटाला खवट वास येत असेल तर ते खाऊ नका. पण डाळी बहुतेक चांगल्या निघतील, भरणाऱ्या हातानं नीट वाळवून भरल्या असतील तर. त्यातली मुगाची डाळ अर्धी वाटी काढून त्याच रात्री भिजत घाला. सकाळी पाणी काढून, मिरची-आलं घालून मिक्सरच्या लहान भांड्यात वाटा आणि तव्यावर घाला. पहिलं धिरडं त्यांनी भरून ठेवलेल्या डाळीचं होऊ द्या. गिरणीचं पीठ नंतर आणा.